आधी दार, मग कुलूप

संगणकसुरक्षेचा इतिहास सहसा कुलपे करणाऱ्यांच्या बाजूने सांगितला जातो. महाराष्ट्रात तो कैलास आणि संजय काटकर या भावांपासून सुरू होतो. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे हे कुटुंब. थोरला भाऊ पुण्यात कॅल्क्युलेटर आणि कार्यालयांतली यंत्रे दुरुस्त करायचा, धाकटा संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा ते काढून टाकणारे प्रोग्रॅम संजय यांनी लिहिले. १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले आणि २०१६ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. हा इतिहास खरा असला तरी अर्धा आहे. कुलूप केवढे लागेल आणि ते कुठे बसवता येईल, हे बरेचसे दार बांधणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. म्हणून या प्रकरणात दार बांधणाऱ्यांपैकी एकाची कारकीर्द पाहू. अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, पुढे इंटेल कंपनीतले वरिष्ठ तंत्रज्ञ आणि यूएसबीच्या जनकांपैकी एक. त्यांची ख्याती कुलपांसाठी नाही. तरीही सुरक्षातज्ज्ञांच्या वाट्याला यूएसबीने जेवढे काम आणले, तेवढे फार थोड्या शोधांनी आणले असेल. यंत्राने कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा निर्णय मूळ आराखड्यातच घ्यावा लागतो. भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घेतलेला निर्णय त्या वेळी योग्य होता, असे माझे मत आहे. चूक पुढे झाली. सगळी परिस्थिती पालटली तरी तो निर्णय वीस वर्षे कोणी पुन्हा तपासायला घेतला नाही.

बडोद्याची पार्श्वभूमी इथे थोडक्यात सांगायला हवी. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, तेव्हा देशात तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्याच होत्या. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय शिकवले जाऊ लागले. विद्या कारागिराच्या हाताला उपयोगी पडली पाहिजे, हा त्या संस्थेचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेचे घर बनले. १९५७ मध्ये जन्मलेल्या भट्टांनी या विद्यापीठातून पदवी घेतली आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत पदव्युत्तर शिक्षण घेतले. वँग लॅबोरेटरीज या तेव्हाच्या नामांकित संगणक कंपनीत काही काळ काम करून ते १९९० मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले. तिथे त्यांचे काम चिपसेटच्या रचनेचे होते. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरची उपकरणे यांच्यातली माहितीची ये-जा सांभाळणारा हा भाग असतो. हे काम जाहिरातीत झळकणारे नव्हे. पण यंत्राच्या कोणत्या भागाने कोणाशी कसे बोलायचे, याचे नियम तिथेच ठरतात. भट्टांची पुढची सगळी कारकीर्द अशा नियमांवरच उभी राहिली.

त्या काळातला संगणक वापरणे म्हणजे काय होते, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळत नाही. माऊससाठी एक पोर्ट, कीबोर्डसाठी दुसरा, मोडेमसाठी सिरियल, प्रिंटरसाठी बोटभर जाड केबलचा पॅरलल पोर्ट. नवे उपकरण जोडायचे तर अनेकदा कॅबिनेट उघडून कार्ड बसवावे लागे, त्यावरचे चिमुकले जंपर हलवावे लागत आणि दोन उपकरणांनी प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एकच क्रमांक धरला असेल, तर दोन्ही बंद पडत. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि नशिबाची परीक्षा घ्यायची. घरच्यांना एक साधा प्रिंटर चालवतानाही होणारी अडचण पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे भट्टांनी मुलाखतींतून सांगितले आहे. सर्व उपकरणांसाठी एकच खाच असावी, जोडताच उपकरण ओळखले जावे आणि संगणक बंद करावा लागू नये, अशी ती मागणी होती. सुरुवातीला कंपनीच्या आतच तिला विरोध झाला. चालू व्यवस्था पुरेशी आहे, असे मानणारे वरिष्ठ प्रत्येक कंपनीत असतात. भट्टांनी निरनिराळ्या विभागांतल्या लोकांना ती पटवत नेली, हे त्यांच्या कारकिर्दीतले तांत्रिक कामाइतकेच महत्त्वाचे काम मानले पाहिजे.

मानक हे एका कंपनीचे असून चालत नाही. १९९४ पासून इंटेलबरोबर कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा एकूण सात कंपन्या या कामात उतरल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली अधिकृत आवृत्ती आली. एका संगणकाला १२७ उपकरणांपर्यंत जोडणी आणि सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंत वेग. हा शोध ‘एका भारतीयाने लावला’ असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. २०१३ मध्ये युरोपियन पेटंट कार्यालयाचा शोधकर्त्यांचा पुरस्कार मिळाला, तो मात्र भट्ट, बाला कदंबी, जेफ मॉरिस, शॉन नॉल आणि शेलाघ कॅलाहन अशा पाचजणांच्या चमूला. शिवाय इंटेलने हे तंत्रज्ञान वापरण्यासाठी रॉयल्टी न घेण्याचे ठरवले. त्याच सुमाराला ॲपलच्या पुढाकाराने आलेले फायरवायर हे तंत्रज्ञान कितीतरी वेगवान होते. पण त्यासाठी प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर मागण्यात आला. पुढे ही रक्कम घटवली तरी सामान्य उपकरणांच्या बाजारात फायरवायरला पाय रोवता आले नाहीत. स्वस्त आणि सर्वांना खुले असणे हाच यूएसबीच्या यशाचा पाया ठरला. सुरक्षेचा प्रश्न पुढे याच पायाशी येऊन भिडणार होता.

यूएसबी उपकरण जोडल्यावर नेमके काय घडते? उपकरणातला एक साधा रोधक डेटाच्या एका तारेवरचा विद्युतदाब वर खेचतो आणि त्यावरून संगणकाला कळते की कोणीतरी आले आहे. संगणक त्याला पूर्वस्थितीत आणतो, एक पत्ता देतो आणि ‘तू कोण?’ असे विचारतो. उत्तरादाखल उपकरण आपल्या ओळखीचा छोटा मजकूर पाठवते. त्यात उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि कीबोर्ड, प्रिंटर, साठवण यांपैकी उपकरण कोणत्या वर्गात मोडते ते असते. संगणक त्यानुसार योग्य ड्रायव्हर उचलतो आणि काम सुरू होते. जुन्या बडोद्याच्या पाणी दरवाजावर पहारेकऱ्याने येणाऱ्याला नाव-गाव विचारावे, त्याने जे सांगितले ते खरे धरून आत सोडावे, आणि ‘मी हवालदार’ म्हणणाऱ्याच्या हाती हवालदाराचे अधिकारही द्यावेत, असा हा कारभार आहे. उत्तर खरे आहे की खोटे, हे पडताळण्याची कोणतीही तरतूद मूळ मानकात नव्हती. जोडताच चालू होण्याचे कौतुक आणि पडताळणीचा अभाव या दोन्ही गोष्टी एकाच रचनेतून आल्या.

ही तरतूद का नव्हती, याचे उत्तर किमतीत आहे. यूएसबीच्या आराखड्यात सेकंदाला केवळ दीड मेगाबिटचा एक मंद वेग मुद्दाम ठेवला गेला, कारण त्या वेगाला साधी, आवरण नसलेली केबल पुरते आणि माऊस-कीबोर्ड स्वस्तात बनवता येतात. प्लग उलटसुलट कसाही बसेल असा का केला नाही, या जगभरच्या तक्रारीवरही भट्टांनी हेच कारण दिले आहे. त्यासाठी तारा आणि मंडले दुप्पट लागली असती, खर्च दुप्पट झाला असता, आणि अजून कोणी स्वीकारलेलेच नाही असे तंत्रज्ञान महाग ठेवणे परवडणारे नव्हते. जिथे चार तारांच्या जागी आठ तारा परवडत नव्हत्या, तिथे प्रत्येक माऊसमध्ये ओळख सिद्ध करणारी गूढलेखनाची चिप घालण्याचा प्रस्ताव कोणत्या बैठकीत टिकला असता? आणि माऊस खोटे बोलेल, अशी शंका तरी कोणाला यावी? उपकरण कंपनीच्या खोक्यातून निघायचे, विकत घेणाऱ्याच्या टेबलावर जायचे आणि वर्षानुवर्षे तिथेच राहायचे. त्या जगात जोडलेले उपकरण हे मालकाने स्वतः निवडलेले उपकरण होते. विश्वास ठेवायला त्याहून मोठा आधार लागत नव्हता.

तो आधार फार काळ टिकला नाही. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना यूएसबी स्कॅनर जोडला आणि बिल गेट्स यांच्यासमोर पडदा निळा झाला. पण हे बाळंतपणातले दुखणे होते. त्याच वर्षी ॲपलने आयमॅकमधून जुने पोर्ट काढून टाकले, २००० मध्ये वेग ४८० मेगाबिटवर गेला आणि त्याच सुमारास बोटाएवढी साठवण-उपकरणे बाजारात आली. पहिल्या पेन ड्राइव्हमध्ये जेमतेम ८ मेगाबाइट मावत. या छोट्या वस्तूने यूएसबीच्या मूळ गृहीतकावरच घाव घातला. माऊस एका संगणकाचा असतो, पेन ड्राइव्ह कोणाचाच नसतो. तो झेरॉक्सच्या दुकानातून महाविद्यालयात, फोटो स्टुडिओतून घरी, डीटीपीवाल्याकडून छापखान्यात असा दिवसभर फिरतो. शिवाय विंडोजमध्ये ऑटोरन ही सोय होती. सीडी घालताच तिच्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, यासाठी ती १९९५ पासून ठेवलेली. कारखान्यात छापलेल्या सीडीसाठी केलेला नियम दहा हातांतून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हच्या बाबतीत धोका ठरला. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागणे हा अनुभव भारतातल्या एका पिढीला तोंडपाठ झाला.

२००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मध्यपूर्वेतल्या एका तळावर संक्रमित पेन ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला गेला आणि त्यातला प्रोग्रॅम गोपनीय जाळ्यांपर्यंत पसरला. संरक्षण खात्याला काही काळ अशा साधनांवर सरसकट बंदी घालावी लागली. त्याच वर्षाअखेरीस पसरू लागलेल्या कॉन्फिकर या संगणक-किड्याने जाळ्याबरोबरच पेन ड्राइव्हचीही वाट धरली. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट तर इराणच्या नतान्झ इथल्या युरेनियम केंद्रासाठी रचलेला होता. इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकांपर्यंत पोहोचायला त्याने यूएसबीचा मार्ग वापरला. त्याला ऑटोरनचीही गरज नव्हती. पेन ड्राइव्हमधल्या शॉर्टकटचे चित्र पडद्यावर उमटले तरी पुरेसे होते. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केले आणि २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांनाही ही दुरुस्ती पोहोचवली. त्यानंतर काही महिन्यांतच या वाटेने पसरणाऱ्या संक्रमणांत निम्म्याहून अधिक घट झाल्याचे कंपनीने नोंदवले. पेन ड्राइव्ह येऊन तोवर दशक उलटले होते. दुरुस्ती अवघड नव्हती, एक सोय बंद करायची होती. ती कोणी करायची आणि कधी, हे ठरायला दहा वर्षे गेली.

फायलींतून येणारा धोका निदान फाइल तपासणाऱ्याला दिसतो. क्विक हीलसारखी सॉफ्टवेअरे पेन ड्राइव्ह जोडताच त्यातल्या फायली चाळतात आणि ओळखीचा व्हायरस सापडला तर बाजूला काढतात. मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि जेकब लेल या जर्मन संशोधकांनी दाखवून दिले की खरी फट याहून खोल आहे. पेन ड्राइव्हमधल्या नियंत्रक चिपचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि अनेक चिपांमध्ये तो बदलता येतो. असा बदललेला पेन ड्राइव्ह संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असे सांगतो. संगणक मानकाप्रमाणे त्यावर विश्वास ठेवतो आणि मग तो ‘कीबोर्ड’ माणसाच्या नावाने हुकूम टाइप करू लागतो. फायली तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला इथे काहीच सापडत नाही, कारण फाइलच नसते. असते ते खोटे ओळखपत्र. बॅडयूएसबी या नावाने गाजलेल्या या प्रयोगात मानकाचा कोणताही नियम मोडलेला नव्हता. सगळे काही १९९६ च्या करारानुसारच घडत होते. नंतर लावलेल्या कुलपाला अशी मर्यादा पडतेच. दाराच्या रचनेतच जो विश्वास गृहीत धरला आहे, त्याच्यापुढे कुलूपवाल्याचे काही चालत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. फ्लॉपीवरून पसरणारा ‘ब्रेन’ हा व्हायरस लाहोरमधून १९८६ मध्येच निघाला होता. एका संगणकातून दुसऱ्यात जाणारी वस्तू रोग पसरवते, हे यूएसबीची आखणी होताना जगाला माहीत होते. मग आराखडा करणाऱ्यांना दोषमुक्त कसे करायचे? हा आक्षेप वजनदार आहे, पण तो वेगळ्या वस्तूला लागू पडतो. १९९६ ची यूएसबी प्रामुख्याने माऊस, कीबोर्ड, मोडेम, टेलिफोन यांच्यासाठी होती. फ्लॉपीची जागा घेणे हा तिचा उद्देश नव्हता, तिच्या साठवण-वर्गाचे नियमही पुढे तयार झाले. दोष शोधायचाच तर तो त्या पुढच्या टप्प्यावर शोधावा लागतो. मालकाने निवडलेल्या उपकरणांसाठी केलेल्या नियमांत हातोहात फिरणारी वस्तू आणली गेली, तेव्हा कोणीतरी थांबून विचारायला हवे होते की जुना विश्वास इथे लागू होतो का. मानक सर्वांचे असते म्हणून ही जबाबदारी कोणा एकाची राहत नाही. चिप बनवणाऱ्याने ती ऑपरेटिंग सिस्टिमवर टाकली, तिने अँटिव्हायरसवर, आणि अँटिव्हायरसने वापरणाऱ्याच्या शहाणपणावर.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. सुरुवातीलाच प्रत्येक उपकरणाला गूढलेखनाची सही दिली असती तर सगळे टळले असते, असे अनेकजण म्हणतात. पण हे खुद्द इंटेलनेच दुसऱ्या एका केबलवर करून पाहिले आहे. चित्रपटांची डिजिटल नक्कल होऊ नये म्हणून इंटेलने एचडीसीपी ही पद्धत विकसित केली. तिच्यात चित्र पाठवणारे यंत्र पडद्याला आधी ओळख सिद्ध करायला लावते. २०१० मध्ये तिची मुख्य किल्लीच इंटरनेटवर उघड झाली. तेव्हा सही म्हणजे सुरक्षा, हे समीकरण तितकेसे खरे नाही. सही असलेल्या जगात सही देणारा कोणीतरी लागतो, त्याची फी लागते, आणि ती न परवडणारा छोटा उत्पादक दाराबाहेर राहतो. स्वस्त, खुले मानक हे यूएसबीचे बळ होते, ते तिथेच खचले असते. या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. चित्रपटाच्या केबलवर पडताळणी आली, कारण नुकसान कोणाचे होणार हे स्पष्ट होते आणि त्या नुकसानवाल्यांचा आवाज मोठा होता. माऊसच्या केबलवर ती आली नाही, कारण फसवणारा माऊस जोडला गेल्यास नुकसान भोगणारा ग्राहक मानकाच्या बैठकीत बसलेलाच नव्हता. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. ज्याच्या हातात बचाव करणे आहे आणि ज्याला नुकसान भोगावे लागते, ते दोघे वेगळे असतील तर सुरक्षा कोलमडते.

बडोद्याच्याच विद्यापीठात शिकलेल्या सॅम पित्रोदांची वाट या मुद्द्याला दुजोरा देते. १९९० च्या दशकात त्यांनी अनेक कार्डांची जागा घेणाऱ्या एका इलेक्ट्रॉनिक व्यवहार-कार्डाचे पेटंट घेतले आणि पुढे मोबाइल पाकिटासाठी सी-सॅम ही कंपनी काढली. तिचे सॉफ्टवेअर घडवणारे केंद्र बडोद्यात होते. २०१४ मध्ये मास्टरकार्डने ती विकत घेतली. पाकिटाच्या धंद्यात ओळख पटवणे हा पहिल्या दिवसाचा प्रश्न असतो, कारण चुकीच्या माणसाला पैसे गेले तर त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी हिशेबात तूट दिसते. एकाच विद्यापीठात शिकलेले दोघे अभियंते, तरी एकाच्या कामात कुलूप आधीपासून आणि दुसऱ्याच्या कामात वीस वर्षांनी. हा फरक बुद्धीचा म्हणता येत नाही. नुकसानीचा हिशेब कोणाच्या वहीत उमटतो, यावरून तो पडलेला आहे.

भट्टांच्या दुसऱ्या मोठ्या कामाकडे पाहिले तर हाच क्रम पुन्हा दिसतो. ग्राफिक्स कार्डासाठीचे एजीपी आणि त्यानंतरचे पीसीआय एक्सप्रेस यांच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा आहे. वेगासाठी पीसीआय एक्सप्रेसवरचे कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत वाचू-लिहू शकते. कार्ड कॅबिनेटच्या आत, स्क्रूने आवळलेले असे, तोवर या मोकळिकीत धोका नव्हता. पण थंडरबोल्ट या तंत्रज्ञानाने तीच जोडणी लॅपटॉपच्या बाहेरच्या खाचेत आणली. २०१९ मध्ये संशोधकांनी ‘थंडरक्लॅप’ या नावाने दाखवले की वरवर निरुपद्रवी दिसणारे उपकरण या वाटेने मेमरीतली गुपिते वाचू शकते. मेमरीवर पहारा ठेवणारी यंत्रणा प्रोसेसरांत दहा-एक वर्षांपासून उपलब्ध होती, पण ऑपरेटिंग सिस्टिमा ती नीट वापरत नव्हत्या. आतल्या जागेसाठी ठेवलेला विश्वास बाहेरच्या जागेला तसाच लागू केला गेला. ऑटोरनचेही तसेच झाले होते. इतक्यांदा एकच गोष्ट घडते, तेव्हा ती एखाद्या अभियंत्याच्या निष्काळजीपणाची राहत नाही, सगळ्या उद्योगाच्या सवयीची होते.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा असतो: लोकांनीच काळजी घ्यावी, अनोळखी पेन ड्राइव्ह जोडू नये. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम पडू दिले आणि काय होते ते पाहिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिला पेन ड्राइव्ह सहा मिनिटांच्या आत जोडला गेला आणि निदान ४५ टक्के ड्राइव्हमधल्या फायली कोणीतरी उघडल्या. अनेकांनी मालकाचा पत्ता शोधण्याच्या चांगल्या हेतूने ते केले होते. सुशिक्षित, तरुण, संगणकात वाढलेले लोक जिथे असे वागतात, तिथे उपदेशावर उभी केलेली सुरक्षा टिकत नाही. शिवाय ज्या तंत्रज्ञानाचे सारे आकर्षण ‘लावा आणि वापरा’ यात आहे, त्याच्या ग्राहकाला ‘लावू नका’ असे सांगणे म्हणजे विक्रीच्या वेळी दिलेला शब्द मागे घेणे आहे.

मग तो मूळ विश्वास चूकच होता, असे ठरवून टाकावे का? इथे पुराव्याची दुसरी बाजू पाहायला हवी. चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात कंपन्यांची विवरणपत्रे भरताना किंवा ठेकेदार ई-टेंडर भरताना जे डिजिटल सहीचे टोकन वापरतो, ते यूएसबीच्या खाचेतच बसते. खात्यात शिरताना पासवर्डच्या जोडीला वापरायची युबिकी २००८ मध्ये आली, ती संगणकाला आपण कीबोर्ड असल्याचे सांगते आणि बोट टेकवताच एकदाच चालणारा सांकेतिक शब्द टाइप करते. वेगळा ड्रायव्हर नको, कोणाची परवानगी नको. म्हणजे बॅडयूएसबीने ज्या विश्वासाचा गैरफायदा घेतला, त्याच विश्वासाच्या जोरावर एका छोट्या कंपनीला जगभर चालणारे कुलूप बनवता आले. १९९६ मध्ये दाराशी कडक तपासणी असती, तर चोराइतकाच हा कुलूपवालाही बाहेर राहिला असता. म्हणून मूळ निर्णयाला चूक म्हणणे मला पटत नाही. तो मुदतीचा निर्णय होता आणि त्याची मुदत कोणी लिहून ठेवली नव्हती.

मुदत संपल्याची दखल अखेर घेतली गेली. एप्रिल २०१६ मध्ये नव्या टाइप-सी जोडणीसाठी उपकरणाची ओळख गूढलेखनाने पडताळण्याची पद्धत जाहीर झाली आणि २०१९ मध्ये तिची प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था उभी राहिली. पण ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक सुरक्षा स्वस्त कीबोर्डपर्यंत पोहोचत नाही. त्यापुढचे पाऊल कायद्याने उचलावे लागते. युरोपने २०२४ मध्ये केलेल्या सायबर लवचीकता कायद्याने डिजिटल वस्तू विकणाऱ्यावर तिच्या त्रुटी दुरुस्त करत राहण्याची जबाबदारी टाकली आहे. भारत सरकारनेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी आणि प्रयोगशाळेतली चाचणी बंधनकारक केली, आणि एप्रिल २०२५ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. बडोद्यात मॅट्रिक्स कॉमसेकसारखी कंपनी असे कॅमेरे आणि प्रवेश-नियंत्रणाची यंत्रे बनवते, त्यामुळे हा नियम त्या शहराच्या कारखानदारीलाही थेट भिडतो. अशा नियमांनी खर्च वाढतो आणि छोट्या उत्पादकाची दमछाक होते, ही तक्रार खरी आहे. पण हा खर्च आधीही होताच. फरक इतकाच की तो झेरॉक्सवाल्याच्या बिघडलेल्या संगणकावर आणि ग्राहकाच्या हरवलेल्या फायलींवर पडत होता, म्हणून कोणाच्या ताळेबंदात दिसत नव्हता.

भट्टांच्या कारकिर्दीचे मोजमाप या हिशेबासकट केले पाहिजे. बाजाराला नको असलेली कल्पना त्यांनी पटवून दिली, प्रतिस्पर्धी कंपन्यांना एका मानकाखाली आणण्यात वाटा उचलला आणि अब्जावधी उपकरणांत बसलेले हे तंत्रज्ञान रॉयल्टीविना खुले राहिले. या यशाला सुरक्षेच्या प्रश्नांमुळे कमीपणा येत नाही. त्यातून पुढच्या पिढीच्या मानकांना शिकता येण्याजोगी एक पद्धत मात्र मिळते. घरातले दिवे, मीटर, वैद्यकीय उपकरणे, मोटारी यांचे नियम आज कोणत्या ना कोणत्या बैठकीत लिहिले जात आहेत, आणि तिथेही किंमत, सोय आणि घाई यांचेच राज्य असणार. तिथल्या अभियंत्यांनी सगळे धोके आज ओळखावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे. आपण कोणावर, कोणत्या परिस्थितीत आणि का विश्वास ठेवला, हे त्यांनी मानकाच्या पहिल्याच पानावर लिहावे, ती परिस्थिती बदलली की फेरविचार कोणी आणि किती वर्षांत करायचा हेही लिहावे, ही मागणी अवाजवी नाही. १९९६ च्या दस्तऐवजात असे एक पान असते, तर २००० मध्ये पेन ड्राइव्ह आला त्याच वर्षी ते उघडावे लागले असते.